विठ्ठलवाडीचा पाऊस, रकाना ५१-२७

हवामान खात्याच्या २००५ सालच्या पावसाच्या फायलीत सुरुवातीपासून ३६,११,८१७ आकडे सोडले, की पुढचा आकडा कल्याणजवळच्या विठ्ठलवाडी परिसरातल्या २६ जुलैच्या पावसाचा येतो. त्या आकड्याशेजारी गावाचं नाव नसतं आणि तारीखही नसते. स्वल्पविराम नाहीत, ओळी नाहीत. प्रत्येकी चार बाइटचे आकडे एकामागून एक ओतलेले असतात आणि फाइल संपते.

ही फाइल पुण्याची. १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून शिवाजीनगरला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, तरी पुणेकरांच्या तोंडी त्या इमारतीचं आणि तिच्यापुढच्या चौकाचं नाव ‘सिमला ऑफिस’ असंच राहिलं. पुण्याच्या या कार्यालयातल्या डी. एस. पै आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापकांच्या नोंदी एकत्र करून १९०१ पासूनच्या प्रत्येक दिवसाचा पाऊस एका जाळीवर मांडला. २०१४ साली ‘मौसम’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. जाळीचे बिंदू पाव अंश अंतरावर आहेत. दक्षिणोत्तर ६.५ ते ३८.५ अंश, म्हणजे १२९ बिंदू. पूर्व-पश्चिम ६६.५ ते १०० अंश, म्हणजे १३५. एका दिवसाला १७,४१५ आकडे आणि वर्षाला साधारण साडेत्रेसष्ट लाख.

प्रोग्रामिंग शिकणारी मुलं ज्याला बहुमितीय अ‍ॅरे म्हणतात, तो हाच. दिवस, अक्षांश, रेखांश अशा याच्या तीन मिती. विठ्ठलवाडी स्टेशन १९.२३ उत्तर, ७३.१५ पूर्व या ठिकाणी आहे. त्याला सर्वात जवळचा बिंदू १९.२५, ७३.२५ हा, स्टेशनच्या पूर्वेला सुमारे अकरा किलोमीटरवर. शून्यापासून मोजलं तर अक्षांशांच्या यादीत त्याचा नंबर ५१ लागतो, रेखांशांच्या यादीत २७. या बिंदूभोवतीचा चौकोन म्हणजे ५१-२७ हा रकाना. त्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरही येतात. डोंबिवली आणि ठाणे शेजारच्या ५१-२६ मध्ये आहेत. दोन रकान्यांमधली रेघ कल्याण स्टेशनला जवळजवळ घासून जाते.

संगणकाच्या मेमरीला मात्र मिती वगैरे काही कळत नाही. तिला एक सरळ रांग तेवढी ठाऊक. तीन आकड्यांचा पत्ता त्या रांगेतल्या एका जागेत बदलायचा, तर दिवसाच्या नंबराला १७,४१५ ने गुणायचं, अक्षांशाच्या नंबराला १३५ ने गुणायचं, दोन्ही मिळवून त्यात रेखांशाचा नंबर घालायचा. २०७, ५१ आणि २७ हे आकडे घालून पाहा, उत्तर ३६,११,८१७ येतं.

दिवसाचा नंबर २०७ कसा, हा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडला असेल. २६ जुलै हा २००५ मधला २०७ वा दिवस. शून्यापासून मोजायचं तर तो २०६ व्हायला हवा. पण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि त्या चोवीस तासांचा पाऊस ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहिला जातो. २६ तारखेच्या दुपारनंतर कोसळलेला पाऊस म्हणूनच २७ जुलैच्या खात्यात आहे. वालधुनी आणि उल्हास नद्यांचं पाणी कल्याण, उल्हासनगर, बदलापूरच्या घरांत शिरलं, त्या पावसाचा आकडा २०६ मध्ये शोधणाऱ्याला आदल्या दिवसाचा, पूर यायच्या आधीचा आकडा मिळतो. प्रोग्राम निमूटपणे चालतो, लाल अक्षरांत काही येत नाही आणि उत्तर चुकलेलं असतं.

याहून वाईट चूक अक्षांश-रेखांशांच्या अदलाबदलीची. ५१, २७ ऐवजी २७, ५१ लिहिलं तर? सत्तावीस हा १२९ पेक्षा लहान, एक्कावन्न १३५ पेक्षा लहान. दोन्ही हद्दीच्या आत असल्याने प्रोग्राम तक्रार करत नाही. तो १३.२५ उत्तर, ७९.२५ पूर्व या बिंदूचा पाऊस आणून देतो. हा बिंदू आंध्र प्रदेशात चित्तूर शहराजवळ आहे. आकडा पावसाचाच, जुलैमधलाच, पण गाव नऊशे किलोमीटरच्या आसपास दूरचं.

इथे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगचा उपयोग सुरू होतो. कॉलेजात या विषयाची ओळख बहुधा गाडी आणि चाक, प्राणी आणि कुत्रा अशा उदाहरणांनी होते आणि मुलं कंटाळतात. पावसाची फाइल हे कितीतरी खरं उदाहरण आहे. ‘पाऊस’ नावाचा एक क्लास, म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र ठेवणारा साचा, करायचा. साडेत्रेसष्ट लाख आकड्यांचा अ‍ॅरे त्याच्या पोटात प्रायव्हेट ठेवायचा, बाहेरच्या कोणी त्याला थेट हात लावायचा नाही. बाहेरच्यांसाठी एकच दार ठेवायचं: तारीख आणि ठिकाण सांगा, मिलिमीटर मिळतील. ठिकाण हाही एक ऑब्जेक्ट, अक्षांश आणि रेखांश आपापल्या नावाने धरून ठेवणारा. दोन सुटे आकडे हातातून जातच नाहीत, त्यामुळे त्यांची अदलाबदल होण्याचा प्रश्न उरत नाही. साडेआठचा नियम, लीप वर्षात फेब्रुवारीनंतर एकाने सरकणारे नंबर, हे सगळं त्या दाराआड एकदाच लिहायचं आणि एकदाच तपासायचं.

आणखी एक काम त्या क्लासकडे द्यावं लागतं. जाळी चौकोनी आहे, पण भारत चौकोनी नाही. निम्म्याहून अधिक बिंदू अरबी समुद्रात, बंगालच्या उपसागरात किंवा शेजारी देशांत पडतात. तिथे आकड्याच्या जागी उणे ९९९ लिहिलेलं असतं. ‘इथे नोंद नाही’ अशी ती खूण. ज्याला हे माहीत नाही तो सगळ्या रकान्यांची सरासरी काढतो आणि भर पावसाळ्यात देशाचा सरासरी पाऊस उणे काहीशे मिलिमीटर येतो. असं धडधडीत चुकीचं उत्तर तरी लगेच डोळ्यांत भरतं. मुसळधार पावसाच्या दिवशी किनारपट्टीच्या पट्ट्याची सरासरी काढताना एखादाच समुद्री रकाना मिसळला, तर कोकणातला पाऊस नुसता कमी दिसतो आणि कुणाला शंकाही येत नाही. चांगल्या क्लासची मेथड, म्हणजे ते बाहेरचं दार, उणे ९९९ कधीच बाहेर देत नाही. ती ‘नोंद नाही’ असं वेगळं उत्तर देते आणि विचारणाऱ्याला त्याचा विचार करायला भाग पाडते.

पोटातला अ‍ॅरे कसा ठेवायचा, हे प्रत्येक भाषेत वेगळं. १९५७ च्या फोरट्रानमध्ये तीन मितींपर्यंतच्या अ‍ॅरेची सोय होती, पण ऑब्जेक्टची कल्पना नव्हती. ती ओस्लोमधल्या सिम्युला ६७ या भाषेपासून रूढ झाली. आपल्याकडे बरीच मुलं जावा शिकतात आणि जावामध्ये खरा त्रिमितीय अ‍ॅरे नसतोच. असतो तो अ‍ॅरेंचा अ‍ॅरे. ३६५ दिवसांचा एक अ‍ॅरे, त्याच्या प्रत्येक घरात १२९ ओळींचा एक, त्यातल्या प्रत्येक घरात १३५ आकड्यांचा एक. एक वर्षाचा पाऊस अशा रीतीने मांडला की एका ओळीच्या आज्ञेत ४७,४५१ वेगवेगळे ऑब्जेक्ट तयार होतात. त्यांची प्रत काढायला सर्वात वरच्या अ‍ॅरेवर क्लोन ही मेथड वापरली, तर वरचा अ‍ॅरे नवा मिळतो आणि आतल्या सगळ्या ओळी जुन्याच राहतात. प्रतीत केलेली दुरुस्ती मूळ नोंदीतही उमटते.

या रचनेचा फायदाही आहे. आतल्या ओळी सारख्या लांबीच्या असाव्यात, असं बंधन तिच्यात नाही. विठ्ठलवाडी स्टेशनाला लागून असलेल्या उल्हासनगरचे पत्ते असेच असतात: कॅम्प नंबर, बॅरक नंबर, खोली नंबर. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत वसवलं गेलं, १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं आणि छावणीची नंबरांची पद्धत पत्त्यांत टिकली. तीन आकडे सांगितले की पोस्टमन दारात पोचतो, पण प्रत्येक कॅम्पात बराकी तेवढ्याच असतील असं नाही. सव्वाशे वर्षांचा पाऊस एकत्र ठेवतानाही तेच होतं, काही वर्षांत ३६५ दिवस, काहींत ३६६. सी शार्प ही भाषा दोन्ही प्रकार वेगळे ठेवते. तिच्यात एकसंध आयताकृती अ‍ॅरे निराळा, अ‍ॅरेंचा अ‍ॅरे निराळा.

पायथॉनमधला सापळा तर नवशिक्यांना हमखास पकडतो. १३५ शून्यांची एक यादी करायची आणि तिला १२९ ने गुणून टाकायचं, की जाळी तयार झाली असं वाटतं. प्रत्यक्षात ओळ एकच असते आणि १२९ घरांतून तिच्याकडेच बोट दाखवलेलं असतं. मग विठ्ठलवाडीच्या घरात पाऊस लिहिला, की ७३.२५ या रेखांशावरच्या सगळ्या १२९ बिंदूंवर तेवढाच पाऊस पडतो, थेट हिमालयापलीकडेही.

वेगाची गोष्ट वेगळी. २७ जुलै २००५ या एका दिवसाचा देशभराचा नकाशा हवा असेल, तर लागणारे आकडे फायलीत लागोपाठ आहेत आणि संगणक ते झरझर वाचतो. उलट, विठ्ठलवाडीचा वर्षभराचा पाऊस हवा असेल तर प्रत्येक दिवसाला ६९,६६० बाइटची उडी मारावी लागते. प्रोसेसर मेमरीतून एक आकडा कधीच आणत नाही. तो आजच्या बहुतेक यंत्रांत ६४ बाइटचा, म्हणजे असे सोळा आकडे मावतील एवढा तुकडा आणतो. नकाशासाठी ते सोळाच्या सोळा कामी येतात, विठ्ठलवाडीसाठी त्यातले पंधरा वाया. म्हणूनच एकात एक गुंफलेल्या तीन लूपांचा क्रम बदलला, की तोच प्रोग्राम कित्येक पट हळू होऊ शकतो. उत्तरात काडीचा फरक पडत नाही, त्यामुळे अशी चूक वर्षानुवर्षं तशीच राहते.

२००६ साली नमपाय या पायथॉन-संग्रहाची पहिली पूर्ण आवृत्ती आली. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी आधीच्या दोन संग्रहांचं त्यात एकत्रीकरण केलं. नमपायचा अ‍ॅरे हा एकच ऑब्जेक्ट असतो. पोटात आकड्यांची सरळ रांग आणि सोबत मितींची लांबी आणि कुठल्या मितीत किती बाइटची उडी मारायची याची छोटीशी नोंद. दिवसांच्या जागी रेखांश आणायचे असतील, तर आकडे जागचे हलत नाहीत, फक्त ती नोंद बदलते. पण नमपायलाही ५१ म्हणजे कुठला अक्षांश हे माहीत नसतं. ती उणीव २०१४ मध्ये खुल्या झालेल्या एक्सअ‍ॅरे या संग्रहाने भरून काढली. त्यात प्रत्येक मितीला नाव असतं आणि प्रत्येक नंबराला त्याचा अक्षांश, रेखांश किंवा तारीख चिकटलेली असते. थेट १९.२३ आणि ७३.१५ विचारावं, जवळचा बिंदू तो शोधून देतो. आधी सांगितलेला ‘पाऊस’ क्लास कुणीतरी सर्वांसाठी लिहून ठेवला, असंच म्हणायला हवं. साडेआठचा नियम मात्र त्यालाही आपणच सांगावा लागतो.

आता या सगळ्याची मर्यादा. २६ जुलैच्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला ७३.४ मिलिमीटर. पाव अंशाच्या जाळीत हे दोन्ही मापक एकाच बिंदूच्या वाट्याला येतात. तो बिंदू १९.० उत्तर, ७२.७५ पूर्व हा. त्या बिंदूचा आकडा आजूबाजूच्या मापकांना अंतराप्रमाणे वजन देऊन काढलेला असतो, त्यामुळे तो ना सांताक्रूझचा, ना कुलाब्याचा. ५१-२७ मधला आकडाही तसाच. वालधुनीच्या काठावर विठ्ठलवाडीत नेमकं किती पडलं, हे तो सांगत नाही. सुमारे २८ गुणिले २६ किलोमीटरच्या मुलखाचं एक अनुमान तो देतो. क्लास कितीही नीटस लिहिला, तरी मापकच नव्हता तिथला पाऊस त्यातून निघणार नाही.

जाळी बारीक होत चालली आहे, निदान अंदाजांची तरी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिची जाळी सहा किलोमीटरची आहे, आधीची बारा किलोमीटरची होती. जाळीचं अंतर निम्मं केलं की बिंदू चौपट होतात. त्यात हवेचे उंचीनुसारचे थर ही आणखी एक मिती असते, आणि वारा, तापमान, बाष्प अशा प्रत्येक राशीचा अ‍ॅरे वेगळा.

१९०१ पासूनच्या पावसाच्या फायली पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. वर्षाची एक फाइल अडीच कोटी बाइटची, साध्या लॅपटॉपवर सहज मावते. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या कॉलेजांतून दरवर्षी शेकडो मुलं बहुमितीय अ‍ॅरेचा धडा पाच विद्यार्थी आणि तीन विषयांच्या गुणांवर गिरवतात. शिक्षकांनी त्याऐवजी एकदा ही फाइल त्यांच्यापुढे ठेवावी आणि आपल्या स्टेशनाचा रकाना शोधायला सांगावा.