परसातील वाढलेल्या झाडाची छाटणी

छाटणी म्हणजे काय

घराशेजारी लावलेले आंब्याचे कलम काही वर्षांत छपराच्या वर जाते. फांद्या कौलांना घासतात, आतल्या भागात ऊन पोचत नाही आणि फळ शेंड्याकडे, हाताबाहेर सरकते. निवडक फांद्या काढून झाडाची उंची, वजन आणि आतला उजेड यांचा मेळ घालणे म्हणजे छाटणी. दाटीतल्या फांद्या त्यांच्या उगमापाशी काढल्या, की ती विरळणी होते. उंच फांदी खालच्या एखाद्या सशक्त उपफांदीपर्यंत कापून मागे घेतली, की उंची कमी होते. सरसकट शेंडे उडवणे या दोन्हींत बसत नाही.

जखमेचे स्वरूप

प्राण्याच्या जखमेत नव्या पेशी जुन्यांची जागा घेतात. झाडाच्या लाकडात तसे घडत नाही. झाड जखमेभोवती रासायनिक आणि पेशींचे अडसर उभारते, बाधित लाकूड आत कोंडते आणि सालीखालच्या वाढीच्या थरातून कडेने नवे लाकूड चढवत जखम झाकते. अमेरिकी वनसेवेतील वनस्पतिरोगतज्ज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून ही प्रक्रिया दाखवली आणि १९७७ साली तिची सविस्तर मांडणी केली. जखम झाकली गेली, तरी बाधित लाकूड आत आयुष्यभर राहते. छाटणीचे बहुतेक नियम याच एका वस्तुस्थितीतून येतात.

कापाची जागा

फांदी खोडाला मिळते तेथे किंचित फुगीर कडे दिसते. जखम बंद करणारी यंत्रणा या कड्यात सर्वांत प्रभावी असते. त्यामुळे काप कड्याच्या लगत, पण बाहेरून घ्यावा लागतो. खोडाशी सपाट कापल्यास कडेच नष्ट होते आणि कुज खोडात शिरते. लांब खुंट ठेवल्यास तो वाळतो आणि बुरशीला वाट मिळते.

जाड फांदीचे तीन काप

एकाच कापात तोडलेली जड फांदी खाली येताना खोडाची साल सोलून नेते. हे टाळण्यासाठी पहिला काप खोडापासून वीतभर अंतरावर, खालच्या बाजूने, जाडीच्या सुमारे एक तृतीयांश इतका घेतात. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरून घेतला की फांदीचे वजन सुटते. उरलेला खुंट तिसऱ्या कापात कड्याबाहेर काढतात. या कामाला करवत योग्य. कोयत्याच्या घावांनी लाकूड फाटते आणि जखम ओबडधोबड राहते.

शेंडे उडवल्याचे परिणाम

फांदीच्या शेंड्याकडील कळीत तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या कळ्यांची वाढ रोखून धरते. शेंडा गेला की हा रोध सुटतो आणि कापाखालून सरळ, दाट फुटवे येतात. काही हंगामांत झाड पूर्वीपेक्षा दाट होते. हे फुटवे बाहेरच्या थरातून उगवलेले असल्याने त्यांची पकड वरवरची असते. खालचे लाकूड कुजू लागले, की वादळात ते बुडापासून निसटतात. उंची कमी करण्याचा हा उपाय म्हणूनच धोका वाढवतो.

प्रमाण आणि वेळ

पाने झाडाचे अन्न बनवतात आणि मुळे त्यावर जगतात. निरोगी झाडाचीही एका हंगामात पाव भागाहून अधिक हिरवी पाने काढू नयेत. वृद्ध झाडाची त्याहूनही कमी काढावीत. एकाच बाजूच्या फांद्या काढल्यास तोल बिघडतो. वाळलेल्या व मोडक्या फांद्या मात्र पावसाळ्यापूर्वी उतरवणे हिताचे असते. त्या सुमारास कावळ्यांची घरटी असतात, म्हणून आधी झाड तपासावे लागते. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. हलकी छाटणी फळे उतरताच केली, तर नव्या फुटीला मोहोरापूर्वी पक्व होण्यास अवधी मिळतो.

झाडागणिक फरक

फणसाची फळे खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतात; तेथे बारीक फांद्यांची विरळणी उत्पन्नाला फारशी बाधत नाही. शेवगा खोल छाटणीनंतरही जोमाने फुटतो. माडाला वाढीचा एकच कोंब असतो. तो कापला की झाड मरते. आंब्यावरचे बांडगूळ नुसते ओढून काढले, तर फांदीत शिरलेली त्याची शोषक मुळे पुन्हा फुटतात. फांदी बांडगुळाच्या जोडाखालून कापावी लागते.

लेपाचा उपयोग

एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट कापावर लावतात. ती पृष्ठभागावरील बुरशीला अटकाव करते. चुकीच्या जागी घेतलेला काप मात्र सुधारत नाही. आंब्याच्या खोल छाटणीनंतर खोडकिड्याचा, म्हणजे भिरुडाचा, प्रादुर्भाव वाढतो. त्यासाठी खोडावर स्वतंत्र लक्ष ठेवावे लागते.

कायदा आणि मर्यादा

महाराष्ट्रातील शहरांत झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा अधिनियम लागू आहे. झाड खाजगी आवारात असले, तरी छाटणीपूर्वी स्थानिक वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. वीजतारांजवळील फांदी पुरवठा बंद केल्यावर प्रशिक्षित माणसांनीच काढावी. पोकळ बुंधा, उचललेली मुळे किंवा नव्याने आलेला कल यांवर छाटणी हा पुरेसा इलाज नाही. छाटणीचे खरे वय झाड लहान असतानाचे. अंगठ्याएवढ्या फांदीची जखम लवकर झाकली जाते. मांडीएवढ्या फांदीची अनेकदा उघडीच राहते.