गुण्याखालचा उजेड

आषाढातला रविवार, सकाळचे नऊ. ठाकुर्ली पूर्वेला, रुळांच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्याचं शटर अर्धं वर आहे. वाकून आत गेलं की आधी वास येतो: कटिंग ऑइलचा, ओल्या लोखंडाचा, कॉटन वेस्टचा. मग आवाज. पाच कानशी एकाच वेळी चालू आहेत आणि पाचही जणांचा ठेका वेगळा आहे.

"डोळे मिटून ऐका," बेंचच्या टोकाला उभे असलेले काका मला सांगतात. "कोणाची कानस कापतेय आणि कोणाची नुसती घासतेय, ते कानाला कळतं."

मी डोळे मिटतो. खरंच कळतं. एक आवाज भरीव आहे, पुढे जाताना येतो आणि मागे येताना थांबतो. बाकीचे जाता-येता सारखेच करकरतात. तो भरीव आवाज डावीकडच्या दुसऱ्या व्हाइसवरून येतोय. तिथे वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी उभी आहे. वेणी डांगरीच्या कॉलरमध्ये खोचलेली, डावा पाय पुढे, उजवा मागे तिरका. कानस पुढे जाते तेव्हा तिच्या हातांबरोबर कंबरही जाते. मागे आणताना ती कानस जॉबवरून किंचित सुटी करते, कारण दाते पुढच्या दिशेनंच कापतात. मागे रेटली तर फक्त दाते बोथट होतात.

काका परळ वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. जीआयपी रेल्वेनं 1879 मध्ये उभारलेल्या त्या कारखान्यात ते सत्तरच्या दशकात अॅप्रेंटिस म्हणून शिरले आणि नोकरीभर तिथेच राहिले. समोरची पाचही मुलं फिटर ट्रेडचं दोन वर्षांचं आयटीआय करून आता वर्षभराच्या अॅप्रेंटिसशिपवर आहेत. मुलगी आणि एक मुलगा रेल्वेत, बाकीचे तिघे खासगी कारखान्यांत. वर्ष संपलं की अखिल भारतीय ट्रेड टेस्ट. तिच्या प्रॅक्टिकलला हातात ड्रॉइंग आणि लोखंडाचा तुकडा मिळतो, आणि ठरलेल्या तासांत जॉब करून द्यायचा असतो. रविवारची ही बैठक त्यासाठी. काका पैसे घेत नाहीत. चहा मात्र मुलं आळीपाळीनं आणतात, आणि त्याला ते नाही म्हणत नाहीत.

आजचा जॉब आहे मेल-फिमेल फिटिंग. 10 मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पट्टीतून 25 मिमीचा एक चौकोन काढायचा, दुसऱ्या तुकड्यात त्याच मापाची चौकोनी खाच करायची, आणि चौकोन खाचेत बसवायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण चौकोन चारही बाजूंनी फिरवून बसला पाहिजे, हातानं दाबून आत गेला पाहिजे, हातोडीचा ठोका न देता. मापात सूट मिलिमीटरच्या शंभरातल्या चार भागांची, म्हणजे झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. आणि हे सगळं मशीनशिवाय, कानशीनं.

मुलीची खाच ओबडधोबड तयार आहे. ती कशी काढली ते बेंचखालच्या तुकड्यांवरून दिसतं. आधी मार्किंग करून डॉट पंचानं खुणा ठोकल्या, मग ओळीनं भोकं पाडून मधला भाग छिन्नीनं उडवला. खाचेच्या दोन्ही आतल्या कोपऱ्यांत तिनं बारीक भोक ठेवलं आहे, कारण कानशीचं टोक कोपऱ्यात कधीच पूर्ण पोचत नाही. ते भोक नसेल तर कोपऱ्यात उरलेला कणभर धातू सगळा जॉब अडवतो.

आता ती चौकोनाची कड सपाट करतेय. थांबते, जॉब व्हाइसमधून काढते, कडेची बुरी मोडते, फडक्यानं पुसते आणि गुण्या लावून खिडकीकडे धरते. पोलादी पातं आणि कड यांच्यामधून उजेड डोकावतोय का ते बघते. मीही तिच्या खांद्यामागून बघतो. दोन्ही टोकांना उजेडाची केसाएवढी रेघ आहे, मध्ये अंधार.

"पोट आलंय," ती स्वतःशीच म्हणते.

कानस चालवायला शिकणारा प्रत्येक माणूस या पोटाशी झगडतो. कानस पुढे सरकते तशी तिची अर्धी लांबी जॉबच्या पलीकडे जाते. सुरुवातीला डाव्या हातावर जोर हवा, शेवटी उजव्या. दोन्ही हातांवर सारखाच जोर ठेवला की कानस आधी मागे आणि मग पुढे झुकते, दोन्ही टोकं जास्त कापली जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. हे कागदावर एका ओळीत लिहिता येतं, हातात यायला महिने लागतात. काका तिच्या मागे उभे राहतात, विचारतात, "धरू का गं हात?" ती मान हलवते. ते कानशीच्या टोकावर, तिच्या डाव्या हातावर, स्वतःची दोन बोटं ठेवतात. दाबत नाहीत. कानस पुढे जाते तशी ती बोटं हलकी होत जातात, एवढंच. चार-पाच फेऱ्या. मग ते हात काढून घेतात आणि ती तशीच चालू राहते. आवाज बदललेला मला दारातूनही ऐकू येतो.

माझ्या मते अॅप्रेंटिसशिप म्हणजे ही दोन बोटं. वर्कशॉप, हजेरीपट, करार, पोर्टलवरचा नोंदणी क्रमांक, सगळं त्यांच्यासाठी उभं केलेलं आहे. ती नसतील तर वर्ष नुसतं उलटतं.

रूळ दणदणतात. कल्याणकडून जलद लोकल येतेय. जलद गाड्या ठाकुर्लीला थांबत नाहीत, वेग न सोडता निघून जातात. पलीकडच्या व्हाइसवरचा मुलगा सरफेस प्लेटवर जॉब ठेवून डायल इंडिकेटरनं उंची बघत होता. काका नुसता तळहात वर करतात. मुलगा थांबतो. डायलची सुई दोन खुणांच्या मध्ये थरथरतेय. गाडी लांब जाते, सुई स्थिरावते, काका तळहात खाली घेतात. या गाळ्यात माप नेहमी दोन गाड्यांच्या मध्येच घेतात.

काकांना रेल्वे घरातूनच मिळाली. त्यांचे वडील चोळा पॉवर हाऊसमध्ये बॉयलरवर होते. ठाकुर्लीच्या बाहेर ते नाव आता फारसं कोणी घेत नाही. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, आणि पुढच्या काही वर्षांत विजेची तार कल्याणवरून दोन्ही घाटांकडे गेली. त्या गाड्यांसाठी जीआयपीनं या चोळे गावाजवळ स्वतःचं वीजघर बांधलं. कोळसा, वाफ, टर्बाइन. ते बंद पडूनही आता काही दशकं झाली. पण ठाकुर्ली आणि बावन चाळीच्या परिसरात अशी घरं आहेत जिथे आजोबा पॉवर हाऊसमध्ये, वडील कारशेडमध्ये आणि नातू आता अॅप्रेंटिसच्या यादीत नाव येण्याची वाट बघतोय. हा वारसा कागदावर कुठे नोंदलेला नाही, पण गाळ्यातल्या मुलांना पाना कसा धरायचा ते सांगावं लागत नाही.

चहा येतो. कानशी खाली ठेवताना काका ओरडतात, "एकावर एक नको!" कानशीवर कानस पडली की दाते जातात. प्रत्येक जण आपली कानस तारेच्या ब्रशनं साफ करून वेगळी ठेवतो. मुलगी खडूचा तुकडा कानशीच्या दात्यांवरून फिरवते. खडूमुळे लोखंडाचे कण दात्यांत अडकून बसत नाहीत. अडकलेला एक कण घासून काढलेल्या कडेवर अख्खा ओरखडा ओढतो.

चहाबरोबर एक उंच मुलगा बोलायला लागतो. तो खासगी कारखान्यात आहे, कुठल्या ते तो सांगत नाही आणि मी विचारत नाही. "सहा महिने झाले काका. रॅकवरून माल काढायचा, ट्रॉली ढकलायची, फ्लोअर पुसायचा. एकदा फक्त बेअरिंग काढताना जवळ उभं केलं. ग्रीस पुसायला." तो रागानं बोलत नाही, आणि त्यामुळे ते जास्त लागतं. डायरीत दर आठवड्याला काय शिकलो ते लिहायचं असतं. तो काय लिहितो असं मी विचारतो. "पुस्तकातलं उतरवतो," तो म्हणतो.

मला हे ऐकून संताप येतो, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. 1961 च्या अॅप्रेंटिस कायद्यानं कारखान्यावर शिकवण्याची जबाबदारी टाकली आहे. शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, असं तोच कायदा म्हणतो. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं. या कायद्याखालच्या नियमांच्या 2019 च्या दुरुस्तीत आयटीआय झालेल्यासाठी ते महिन्याला किमान 7000 रुपये ठरलं. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नाही. एवढ्या कमी पैशांत, नोकरीच्या भरवशाशिवाय एक तरुण मुलगा आपलं अख्खं वर्ष देतो, ते एकाच गोष्टीच्या बदल्यात: शिक्षण. तेच दिलं नाही, तर उरते ती स्वस्तातली हमाली.

काका चिडत नाहीत. ते मुलाला विचारतात, "बेअरिंग कशानं काढलं?"

"पुलरनं."

"पुलरचे पाय कुठे लावले? बाहेरच्या रिंगला की आतल्या?"

मुलगा आठवतो. "आतल्या."

"का?"

थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग मुलगीच सांगते, की शाफ्टवर घट्ट बसलेली असते ती आतली रिंग. बाहेरची ओढली तर सगळा जोर गोळ्यांवर येतो आणि बेअरिंग आतून खराब होतं. काका उंच मुलाकडेच बघत राहतात. "तू जवळ उभा होतास ना? मग हे तूच बघितलंस. आज घरी जाऊन डायरीत हे लिही, चित्र काढून. पुस्तकातलं नको." मुलगा खिशातून मोबाइल काढून लिहून घेतो. कारखान्यानं त्याला जे दिलं नाही, ते त्याच्याच आठवणीतून काका काढून देताहेत. पण हे काम एका निवृत्त माणसानं रविवारी करावं, याचं मला समाधान वाटत नाही.

नोकरीचा विषय निघतोच. रेल्वेतला मुलगा विचारतो, ग्रुप डीमध्ये 20 टक्के जागा खरंच अॅप्रेंटिसांना मिळतात का. काकांना 20 मार्च 2018 ची सकाळ आठवते. रेल्वेत शिकून बाहेर पडलेली शेकडो मुलं माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर बसली होती, ऐन गर्दीच्या वेळी. मध्य रेल्वे काही तास ठप्प होती. मागणी होती ती 20 टक्क्यांची मर्यादा काढून सगळ्यांना सामावून घेण्याची. "लोक शिव्या घालत होते," काका सांगतात, "आणि लोकांचं चूक नव्हतं, त्यांचा दिवस गेला होता. पण माझ्या हाताखाली शिकलेली पोरंही त्यांत असणार. तीन-तीन वर्षं घरी बसलेली. मी त्यांना काय बोलणार?" 20 टक्के राखीव म्हणजे थेट नोकरी नव्हे, परीक्षा द्यावीच लागते, हे ते मुलाला स्पष्ट सांगतात. "राखीव आहे म्हणून गणित सोडू नकोस."

चहाचे कप उचलले जातात. मुलीनं मघाशी घासून चकचकीत केलेल्या चौकोनावर एक तपकिरी डाग उमटला आहे. नीट बघितलं तर अंगठ्याचा ठसा. पावसाळ्याची हवा आणि बोटाचा घाम, ताज्या लोखंडाला एवढं पुरतं. काही जणांचा घाम जास्तच गंज आणतो. ती जीभ चावते, बारीक पॉलिश पेपरचा हलका हात फिरवून डाग काढते आणि तेलाचं बोट लावून ठेवते. मग सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लूचा पातळ थर देते. तेल पुसते, चौकोनाची कड निळ्यावर टेकवून हळूच सरकवते, उलटी करून बघते. उंच जागा तेवढ्या निळ्या झाल्या आहेत. आता नकाशा हातात आला: कुठे काढायचं आणि कुठे हात लावायचा नाही. ती मोठी कानस ठेवून बारीक दात्यांची घेते, ती आडवी धरून दोन्ही हातांनी ओढत फक्त निळ्या ठिपक्यांवरून नेते. पुन्हा निळा, पुन्हा कानस. प्रत्येक वेळी ठिपके वाढतात, पसरतात. सगळी कड सारखी ठिपकेदार झाली की ती सपाट झाली.

व्हर्नियरवर ती माप घेते. 25.02. काका मायक्रोमीटर पुढे करतात, ती रॅचेट फिरवते, टिकटिक होते, थांबते. 25.02.

चौकोन खाचेत जातो. पहिल्या बाजूनं सरळ, दुसऱ्या बाजूनं सरळ. तिसऱ्या वेळी थोडा घट्ट, पण अंगठ्यानं दाबून जातो. चौथ्या वेळी अर्ध्यावर अडकतो. उंच मुलगा जवळ येऊन बघत उभा राहतो. ती ठोकत नाही. बाहेर काढून खाचेच्या भिंती उजेडाकडे धरते, उजव्या भिंतीवर, तोंडाजवळ, चमकणारी एक बारीक घासट शोधते आणि मुलाला दाखवते, "ही बघ. इथे लागतोय." बारीक कानशीचे दोन हात. पुसते. चौकोन चौथ्या बाजूनंही आत जातो, आणि वरून खालून बोट फिरवलं तर जोड लागत नाही.

काका जोड उजेडाकडे धरून चारही बाजूंनी बघतात, मग टेबलावर ठेवतात. "मेलचा एक कोपरा जरा गोल झालाय. ट्रेड टेस्टला मार्क जातील त्याचे." ती मान डोलावते. काका प्लॅस्टिकच्या पिशवीतून पुढचं ड्रॉइंग काढतात: डव्हटेल, कोन 60 अंशांचा. इथे व्हर्नियर सरळ लागत नाही, दोन्ही बाजूंच्या कोनांत गोल पिना ठेवून त्यांच्यावरून माप घ्यावं लागतं, मग त्यातून गणितानं रुंदी काढायची.

"पिना कुठल्या मापाच्या घ्यायच्या?" उंच मुलगा विचारतो.

"तूच काढ," म्हणत काका त्याच्यापुढे कागद-पेन्सिल सरकवतात, आणि तो स्टूल ओढून बसतो.