सायकलपासून चार हात दूर

सोलापूर हे एके काळी भोंग्यावर चालणारे शहर. 1877च्या सुमारास सुरू झालेली जुनी मिल, पुढे लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी. पाळी सुटली की कामगार पायी आणि सायकलवर घराकडे निघत. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, सायकल मात्र टिकली. यंत्रमागावर जाणाऱ्या कामगाराचा, शाळेला निघालेल्या मुलीचा तिच्यावरच भरवसा आहे. बदलला तो रस्ता. उसाच्या हंगामात तर शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्याही त्यात भर घालतात.

सायकलस्वाराला धक्का लागला तरच अपघात, असा आपला समज. प्रत्यक्षात सायकल सरळ रेषेत धावतच नाही. तोल सांभाळताना ती डावी-उजवीकडे झुलते. पुढे खड्डा आला, उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले, तर स्वाराला उजवीकडेच वळावे लागते. नेमक्या त्याच क्षणी कोणी कट मारून गेला तर? ताशी 40 किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात 11 मीटर पुढे सरकते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत सारे संपलेले असते.

पाठीशी येऊन कर्कश हॉर्न वाजवणे हाही उपाय नव्हे. दचकून मागे पाहताना हँडल त्याच बाजूला वळते. ट्रॉलीचा धोका आणखी निराळा. वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. इंजिन पुढे गेले म्हणजे सायकल मागे पडली, असे होत नाही; शेपूट अजून यायचे असते.

जर्मनीत 2020पासून शहरात सायकलच्या बाजूने जाताना किमान दीड मीटर अंतर ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 184मध्येही 2019च्या दुरुस्तीने नियमबाह्य ओव्हरटेक हे धोकादायक वाहनचालन ठरवले आहे. दीड मीटर म्हणजे सव्वातीन हात. आपल्या भाषेने तर ‘चार हात दूर’ असे आधीच सांगून ठेवले आहे!

पण नवी पेठेसारख्या गर्दीत चार हात आणायचे कुठून? जागा नसेल तर मागे थांबायचे. बेताच्या वेगाची सायकलही 100 मीटरचा चिंचोळा पट्टा 25 सेकंदांत ओलांडते. सिग्नलला आपण त्याहून अधिक वेळ मुकाट्याने उभे राहतोच की. तेवढाच वेळ सायकलवाल्यासाठी काढला, तर कोणाच्या तरी घरचा कर्ता माणूस संध्याकाळी धडधाकट परतेल.