सुरतेस गेलेला माणूस आणि त्याचे मनःस्वास्थ्य

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ साली अंमलात आली. तीत आरोग्याची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात शारीरिक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांच्या सुस्थितीचा अंतर्भाव आहे. केवळ रोग नसणे म्हणजे आरोग्य नव्हे, असेही तीत स्पष्ट म्हटले आहे. पहिल्या अंगासाठी दवाखाने उभे राहिले, दुसऱ्यासाठी थोडीफार मनोरुग्णालये झाली, तिसरे अंग मात्र बहुधा व्याख्येतच राहिले. वास्तविक मन आणि समाज यांना वेगळे करता येत नाही. धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतील वाचकांना याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. त्यांच्या गावचे कोणी ना कोणी सुरतेस गेलेलेच असते.

भुसावळहून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर अशी जाणारी रेल्वे ही या स्थलांतराची वाट. (नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात तर दुसरा गुजरातेत आहे, ही गोष्ट प्रवाशांना मोठी गमतीची वाटते.) सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आजही अहिराणी सर्रास कानावर पडते. तेथील महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालविते. आपली माणसे यंत्रमागांवर, रंगाई-छपाईच्या गिरण्यांत आणि कापडबाजारात कामे करतात. नंदुरबारकडील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीच्या हंगामापुरती बारडोलीच्या बाजूस जातात.

यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि मजुरी पुष्कळदा विणलेल्या कापडाच्या मीटरवर ठरते. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपू पाहतो, तेव्हा खोलीत ऊन येत असते, शेजारी मुले रडत असतात आणि मागांचा खडखडाट कानात अजून घुमत असतो. झोप ही मनाची दुरुस्ती होय. ती आठवडेच्या आठवडे अपुरी राहिली की चिडचीड वाढते, लक्ष उडते, भूक मंदावते. मग थकवा घालविण्यासाठी तंबाखू आणि झोप येण्यासाठी दारू अशी जोडी जमते. दारूने डोळा लागतो खरा, पण झोप मोडकी येते. गुजरातेत दारूबंदी असल्याने चोरून पिण्याचा धोका वेगळाच. अशा माणसाला आपण ‘व्यसनी’ म्हणून मोकळे होतो. त्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक कोणी विचारीत नाही.

ग्रामीण माणूस ‘मला उदास वाटते’ असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, डोके जड आहे, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही. तपासण्यांत काही सापडत नाही आणि ‘काही झालेले नाही’ असे ऐकून तो परततो. दुःख येथे शरीराच्या भाषेत बोलत असते. खिन्नता, कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, हे सलग दोन आठवडे टिकले तर तो स्वभावदोष न समजता आजार समजावा. त्यावर औषधे आहेत. त्यांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात आणि नेमके याच काळात पुष्कळजण औषध सोडून देतात. बरे वाटू लागल्यावरही ते आपल्या मनाने बंद करू नये.

एका माणसाचे मन जसे ढासळते तसे एका शहराचेही ढासळते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली. त्याच सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावीही गाठींच्या प्लेगचा उपद्रव झाला होता. सरकारी नोंदीप्रमाणे या साथीत देशभरात झालेल्या मृत्यूंची संख्या साठाहून कमीच होती. परंतु अवघ्या काही दिवसांत लाखो लोक सुरत सोडून गेले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून दिसेनाशा झाल्या, अनेक खाजगी डॉक्टरांनीही शहर सोडले. पळणाऱ्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण ज्याची खोली भाड्याची, काम रोजचे आणि आजारात पाहणारे कोणी नाही, त्याने गावची गाडी धरणे हे त्याच्या दृष्टीने शहाणपणच होते. भीती रोगाची होती, तितकीच परक्या शहरात एकटे मरण्याची होती.

पुढे मे १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेले एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज कार्यालयाबाहेर काढून गल्लोगल्ली फिरावयास लावले आणि अल्पावधीत सुरतेची गणना देशातील स्वच्छ शहरांत होऊ लागली. या कार्याचा उल्लेख नेहमी स्वच्छतेच्या संदर्भात होतो. माझ्या मते तो मनःस्वास्थ्याच्या संदर्भातही व्हावयास हवा. कारण आपल्या गल्लीत साहेब स्वतः येतो व गटार खरोखर साफ होते, हे दिसल्यावर माणसाची धास्ती जितकी कमी होते तितकी शंभर पत्रके वाटून होत नाही. प्रसिद्धीचे काम करणाऱ्याने हे लिहावे, हे जरा विचित्र वाटेल.

२०२० च्या टाळेबंदीत हीच माणसे पुन्हा गावाकडे निघाली. तेव्हा अनेक गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते अडविले. विलगीकरण आवश्यक होते. परंतु शाळेच्या खोलीत ठेवलेल्या आपल्याच माणसाशी दुरून दोन शब्द बोलण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नव्हती. जेथे असे बोलणारे भेटले तेथे ते दिवस सुसह्य झाले.

गावाने काय करावे, याचे उत्तर खानदेशाला नवे नाही. श्रावणात कानबाईचे रोट होतात, तेव्हा भाऊबंद एकत्र येतात आणि सुरतेची मंडळीही शक्य तर गाव गाठतात. ज्यांना येता येत नाही ते तेथेच उत्सव मांडतात. अशा वेळी आलेल्या माणसाला ‘किती कमावलेस?’ हा पहिला प्रश्न न विचारता ‘झोप लागते ना?’ असे विचारून पाहावे. गावी राहिलेल्या पत्नीवर शेती, सासूसासरे व मुले यांचा सारा भार असतो. तिच्या दुखण्याकडेही आशा कार्यकर्तीने याच दृष्टीने पाहावे. शिक्षकांनी सुरतेहून मध्येच शाळेत आलेल्या मुलाच्या गप्प बसण्याला मंदपणा समजू नये. त्याचे मित्र, भाषा, घर सारे एकदम बदललेले असते.

अधिकाऱ्यांना एक विनंती. नुसत्या समुपदेशनाने खोलीभाडे भरले जात नाही. महाराष्ट्राच्या शिधापत्रिकेवर सुरतेतही धान्य मिळते, ही माहिती निघण्यापूर्वी कुटुंबाला मिळाली तरी एक काळजी उतरते.

जीव नकोसा झाल्याचे कोणी सुचविल्यास त्याला तसे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत चुकीची आहे. त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके कुलपात ठेवावीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिची शुश्रूषा करणे ही शासनाची जबाबदारी ठरते. याच कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आहे.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. सुरतेत महानगरपालिकेच्या स्मिमेर रुग्णालयात व नव्या सिव्हिल रुग्णालयात हा विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस व विनामूल्य उपलब्ध असून मराठीत बोलण्याचीही सोय आहे. ग्रामपंचायतीने हा क्रमांक फलकावर लिहावा आणि सुरतेस निघणाऱ्याने तो गाडीत बसण्यापूर्वी आपल्या भ्रमणध्वनीत नोंदवून घ्यावा.