प्रतिकृती रेल्वे इंजिनाचे वारंवार थांबणे : दोषनिदानाची दिशा

प्रस्तावना

प्रतिकृती रेल्वे हा प्रामुख्याने युरोप व अमेरिकेत रुजलेला छंद आहे. ब्रिटनमध्ये १:७६.२ प्रमाणातील 'ओओ' आणि युरोप खंडात व अमेरिकेत १:८७ प्रमाणातील 'एचओ' ही मापे सर्वाधिक प्रचलित असून दोहोंच्या रुळांमधील अंतर मात्र १६.५ मिलिमीटर इतके समानच आहे. पुण्यातील कोथरूड येथील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयामुळे महाराष्ट्रातील अनेकांना या विश्वाची तोंडओळख झालेली आहे.

या छंदात सर्वत्र आढळणारी एक तक्रार अशी की, इंजिन काही काळ व्यवस्थित धावते, मध्येच थांबते, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते आणि पुन्हा थांबते. अशा वेळी संशय बहुधा विद्युत पुरवठ्याच्या नियंत्रकावर (कंट्रोलरवर) घेतला जातो आणि अधिक क्षमतेचा नियंत्रक विकत आणला जातो. हा खर्च पुष्कळदा अनाठायी ठरतो. क्वचित तो इंजिनाच्या मुळावरही येतो. याचे कारण असे की, थांबण्यामागे दोन परस्परविरुद्ध स्थिती संभवतात. एकीत विद्युतधारा इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. दुसरीत ती इतकी अधिक वाहू लागते की नियंत्रक स्वतःहून पुरवठा तोडतो. पाहणाऱ्याला दिसणारे लक्षण एकच, उपाय मात्र वेगळे. प्रस्तुत लेखात १२ व्होल्ट एकदिश धारेवर चालणाऱ्या दोन रुळांच्या पारंपरिक रचनेच्या संदर्भात या दोहोंमध्ये भेद कसा करावा, याचे विवेचन केले आहे.

मोटर आणि विद्युतधारा

इंजिनातील मोटर ही कायम चुंबकाची साधी एकदिश मोटर असते. आर्मेचर फिरू लागले की त्यात विरोधी विद्युत् चालक प्रेरणा निर्माण होते आणि ती पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेने कार्य करते. उदाहरणादाखल आर्मेचरचा रोध १० ओहम मानू. १२ व्होल्ट पुरवठ्यावर वेगाने धावताना विरोधी प्रेरणा ९ व्होल्ट असेल, तर धारा ०.३ अँपिअर इतकीच राहते. तीच मोटर अडकून जागीच थांबली तर विरोधी प्रेरणा शून्य होते आणि धारा १.२ अँपिअरवर जाते. धारा चौपट झाली. परंतु वेटोळ्यात निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती ०.९ वॅटवरून १४.४ वॅटवर, म्हणजे सोळा पटींवर पोहोचते. अंगठ्याच्या पेराएवढ्या मोटरला ही उष्णता फार काळ सोसवत नाही.

१ अँपिअर क्षमतेच्या नियंत्रकाने अशा प्रसंगी पुरवठा तोडला, तर त्याने आपले काम चोख बजावले असे म्हणावे लागते. त्याच्या जागी ४ अँपिअरचा नियंत्रक जोडला की तक्रार नाहीशी होते खरी. पण त्यानंतर वेटोळे जळण्यापासून वाचविणारे काहीच उरत नाही.

थांबण्याचे ठिकाण आणि थांबण्याची वेळ

निदानाची पहिली पायरी कोणत्याही उपकरणाविना, केवळ निरीक्षणाने पार पाडता येते. इंजिन दर फेरीत एकाच जागी थांबत असेल, तर दोष रुळात आहे. रूळ जोडणारी फिशप्लेट सैल होणे, सांध्याची पाती नीट न टेकणे अथवा पुरवठ्याची तार एकाच ठिकाणी जोडलेली असल्याने दूरच्या टोकाला विभवांतर घटणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. सांध्यावरील क्रॉसिंग प्लॅस्टिकचे असल्यास चार चाकांच्या आखूड इंजिनाला तेवढ्या भागात धारा मिळत नाही. त्याच जागी रुंद कडेचे चाक विरुद्ध ध्रुवतेच्या दोन रुळांना एकाच वेळी टेकले, तर क्षणिक लघुपरिपथन होते आणि नियंत्रक पुरवठा तोडतो. जागा एकच असली तरी या दोन दोषांचे स्वरूप भिन्न आहे. पहिल्यात नियंत्रकाचा सूचक दिवा शांत राहतो, तर दुसऱ्यात तो इशारा देतो.

इंजिन कोठेही थांबते, पण साधारण ठरावीक कालावधीनंतर थांबते, असे आढळल्यास उष्णतेचा संशय घ्यावा. अनेक नियंत्रकांमध्ये द्विधातू पट्टी अथवा तापमानासोबत रोध वाढणारा थर्मिस्टर बसविलेला असतो. तो तापला की पुरवठा खंडित होतो किंवा अत्यल्प होतो आणि निवल्यावर आपोआप पूर्ववत होतो. दहा मिनिटे धावणे, दोन मिनिटे थांबणे, पुन्हा काही मिनिटे धावणे हा क्रम बहुधा याच यंत्रणेचा असतो.

तिसरा प्रकार सर्वांत सामान्य होय. इंजिन कोठेही, केव्हाही थांबते आणि बोटाने किंचित ढकलताच चालू लागते. येथे चाके, रूळ व धारा घेणाऱ्या पातळ धातुपट्ट्या यांच्यातील संपर्क मलिन झालेला असतो. रूळ आणि चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत. पॉलिश पेपरने रूळ घासण्याची सवय मात्र टाळावी; पडलेल्या बारीक चऱ्यांत मळ अधिक लवकर साचतो. पकड वाढावी म्हणून काही चाकांवर रबराची कडी चढविलेली असते. ती चाके धारा घेत नाहीत, याचाही हिशेब ठेवला पाहिजे.

नियंत्रकाची परीक्षा

नियंत्रकाला दोषी ठरविण्यापूर्वी त्याला इंजिन व रूळ यांपासून पूर्णपणे अलग करावे आणि त्याच्या टोकांना वाहनातील १२ व्होल्ट, ५ वॅटचा दिवा जोडावा. असा दिवा सुमारे ०.४ अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याचा भार एखाद्या इंजिनाएवढाच असतो. थंड तंतूचा रोध फार कमी असल्याने गतीची कळ शून्यापासून सावकाश वाढवावी. दिवा पंधरा-वीस मिनिटे अखंड तेवत राहिला, तर नियंत्रक बव्हंशी निर्दोष समजण्यास हरकत नाही. नंतर इंजिन बाजूला ठेवून केवळ रूळ जोडावेत. दिवा मंदावला अथवा पुरवठा तुटला, तर लघुपरिपथन रुळांतच आहे. शेवटी दुसरे, खात्रीचे इंजिन चालवून पाहावे. एका वेळी एकच घटक बदलण्याची ही रीत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रात्यक्षिक म्हणूनही योजता येण्यासारखी आहे. सदोष परिपथ हाताळण्याची संधी विद्यार्थ्यांना एरवी क्वचितच मिळते.

इंजिनाच्या अंतरंगात

यानंतरही संशय इंजिनावरच राहिला, तर ते उघडावे लागते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनात वंगण घट्ट होऊन दंतचक्रे जड फिरतात. वेग घटतो, विरोधी प्रेरणा घटते आणि धारा वाढते. कार्बन ब्रशची भुकटी कम्युटेटरच्या खाचांत साचल्यास शेजारचे खंड परस्परांना जोडले जातात. ही भुकटी लाकडी दातकोरणीने हळुवार काढावी. तेल थेंबभरच द्यावे, कारण कम्युटेटरवर उतरलेले तेल भुकटीशी मिसळून नवा दोष निर्माण करते.

जुन्या इंजिनांत आणखी एक कारण संभवते, ते म्हणजे चुंबक क्षीण होणे. तेवढेच आघूर्ण मिळविण्यासाठी क्षीण चुंबकाच्या मोटरला अधिक धारा घ्यावी लागते. बाह्यतः सारे स्वच्छ आणि मोकळे असूनही मोटर तापत राहते, ती यामुळे. ॲल्निको मिश्रधातूचे जुने चुंबक मोटरमधून नुसते बाहेर काढल्यानेही क्षीण होऊ शकतात. म्हणून त्यांच्या ध्रुवांवर लोखंडी पट्टी ठेवल्याविना ते सुटे करू नयेत.

दुरुस्तीनंतर परिपथात अँपिअरमापक जोडून इंजिन हाताने रोखावे आणि चाके जागीच घसरू द्यावीत. त्या क्षणीची धारा ही त्या इंजिनाची व्यवहारातील कमाल मागणी होय आणि ती नियंत्रकाच्या क्षमतेच्या आत असावयास हवी. चाके न घसरता मोटरच थबकली, तर ताबडतोब पुरवठा बंद करावा. असे इंजिन कोणत्याही नियंत्रकावर सुरक्षित नाही. मोकळ्या धावेतील व चाके घसरतानाची, अशा दोन्ही धारा इंजिनाच्या खोक्यावर तारखेसह लिहून ठेवाव्यात. पुढे कधी मोकळ्या धावेतील आकडा वाढलेला दिसला, तर इंजिन थांबू लागण्याची वाट न पाहता वंगण बदलता येते.