सायकलीआधी वाट



गेल्या वर्षी जूनमध्ये आपल्या देणग्यांतून जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावरील चार मुलींना सायकली दिल्या. शाळा साडेचार किलोमीटरवर. श्रावणात मी तिथे गेले, तर तीन सायकली घरात कणगीला टेकून उभ्या! मुली पायीच जात होत्या आणि नववीतली एक तर शाळा सोडायच्या विचारात होती. मला वाईट वाटले, थोडा रागही आला. तिची आई शांतपणे म्हणाली, "ताई, एक दिवस तिच्यासोबत चाला, मग बोला."

दुसऱ्या दिवशी मी चालले. पाड्याखालच्या ओहोळाला गुडघाभर पाणी होते. मुलींनी सायकल खांद्यावर घ्यायची कशी? पुढे डांबरी रस्त्याच्या वळणावर साइडपट्टी वाहून गेलेली. जीप आली की उतरायला जागाच नाही. चूक मुलींची नव्हती, आमची होती. आम्ही सायकल दिली, वाट पाहिली नाही.

त्यानंतर आम्ही जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवते.

पहिले, मुलांबरोबर त्यांच्याच वेळी चालावे, आणि दोन्ही ऋतूंत. डिसेंबरात पुन्हा चालले तेव्हा पाणी नव्हते, पण पाच वाजता सुटलेली मुले पाड्याजवळ येईपर्यंत अंधार पडत होता.

दुसरे, अंगणात राखेने वाटेचा नकाशा काढावा आणि भीतीच्या जागी मुलांनाच दगड ठेवू द्यावेत. मुलींचे दगड वेगळ्या ठिकाणी पडतात. दारू पिणारे बसतात ती जागा आम्हाला कोणी सांगितली नव्हती. तिथे पहिला दगड एका मुलीने ठेवला.

तिसरे, जवळची वाट म्हणजे चांगली वाट नव्हे. बांधावरून जाणारी पायवाट थोडी लांबची, पण ते वळण टाळते. चालणाऱ्यांसाठी आम्ही तीच ठरवली.

चौथे, आपल्या हातचे काम आधी करावे. श्रमदानाने वळणावरची झुडपे तोडली. दप्तरांना आणि सायकलींना चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे येते. चालकाला मूल जितके लवकर दिसेल तितके बरे. पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने, समोरची गाडी दिसेल असे चालावे; सायकल मात्र डावीकडूनच चालवावी, हे मुलांकडून करून घेतले. ओहोळापलीकडच्या एका घराने सायकली ठेवायला पडवी दिली. आता मुली पाण्याच्या दिवसांत मोठ्यांच्या सोबतीने ओहोळ ओलांडतात आणि पुढे सायकलीने जातात. पाणी वाढले तर त्या दिवशी शाळा नाही, हेही ठरले आहे.

साकव आणि गतिरोधक मात्र आपण परस्पर बांधू शकत नाही. त्यासाठी ग्रामसभा आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला विकासकामांना मंजुरी देण्याचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्रात अशा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून 5 टक्के अबंध निधीही मिळतो. नकाशा घेऊन मुलींच्या आया ग्रामसभेत उभ्या राहिल्या. साकवाचा ठराव झाला आहे. काम अजून सुरू झालेले नाही.

ती मुलगी आज दहावीत आहे.

यापुढे सायकल देण्याआधी आम्ही वाट चालून पाहणार आहोत. आपणही एका रविवारी आपल्या मंडळीतल्या मुलांबरोबर त्यांच्या घरापर्यंत चालून पाहा. आणि साकव उभा राहीपर्यंत त्या ओहोळाशी लेकरे सुखरूप राहावीत, म्हणून प्रार्थनेत त्यांची आठवण ठेवा.