कोयता घेऊन चाललेला माणूस

पहाटे साडेपाच

धार लावायची ती घरात, दार लोटून. सिंहगड रस्त्याच्या मागच्या अंगाला एका चाळीत राहणारे आमचे नारळवाले पूर्वी सार्वजनिक नळाजवळच्या फरशीवर बसून कोयत्याला धार लावायचे. तिथे पाणी हाताशी असायचं, उजेडही चांगला. आता ते मोरीत बसतात. चाळीत नव्याने आलेल्या कुणीतरी मालकाकडे तक्रार केली, की सकाळी उठल्याउठल्या असलं काही मुलांच्या नजरेला पडायला नको.

ते मूळचे मालवणकडचे. पुण्यातल्या बंगल्यांमधली आणि सोसायट्यांमधली नारळाची झाडं साफ करणं, नारळ उतरवणं हा त्यांचा कित्येक वर्षांचा धंदा. तिकडे या कामाच्या माणसाला पाडेली म्हणतात. आज मी दिवसभर त्यांच्याबरोबर आहे. नाव छापायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. कोयत्याशेजारी आपलं नाव यावं हे त्यांना आता नको वाटतं.

कोयत्याचं पातं ट्रकच्या जुन्या पाट्याचं आहे, गावच्या लोहाराने ठोकून, पाणी पाजून केलेलं. टोक आत वळलेलं, मूठ खैराची. निसण्यावर पाणी शिंपडत ते पातं एका लयीत ओढतात आणि मधूनच अंगठ्याच्या नखावर धार अजमावतात. बोथट कोयता झावळीवरून घसरतो, आणि साठ फुटांवर घसरलेला कोयता स्वतःच्याच मांडीत शिरतो. धार त्यांच्या जिवासाठी असते.

साडेसहा

आता बांधाबांध. मला सर्वांत जास्त शिकवलं ते या दहा मिनिटांनी.

कोयता उघडा नेला तर लोक घाबरतात आणि पूर्ण गुंडाळून नेला तर लपवलाय असं वाटतं. म्हणून पात्याला गोणपाट, त्यावर सुतळीचे वेढे आणि मूठ मात्र बाहेर. हे सगळं टीव्हीएस एक्सएलच्या पुढच्या पायरीवर आडवं ठेवायचं. त्याच्यावर काथ्याचा दोर, कमरेचा पट्टा आणि भुंगे काढायचा लोखंडी आकडा अशा बेताने रचायचा, की बघणाऱ्याला आधी दोर दिसावा. दोर दिसला की धंदा कळतो. धंदा कळला की मग कोयता दिसला तरी चालतं. हा क्रम त्यांना कुणी शिकवलेला नाही, लोकांचे चेहरे वाचून त्यांनी तो बसवलाय.

पूर्वी ते बसने जायचे. एकदा भर गर्दीत सुतळी सुटली, एक बाई किंचाळल्या आणि त्यांना मधल्याच थांब्यावर उतरवलं गेलं. त्यानंतर त्यांनी हप्त्यावर गाडी घेतली. मेट्रोचा प्रश्नच नाही. तिथे सामान तपासतात आणि धारदार वस्तू आत नेता येत नाही. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही, माझीही नाही. पण शहरात कामाला जायचा स्वस्त रस्ता या माणसाला बंद आहे, आणि त्याचा खर्च तो एकटा सोसतो, हे ध्यानात घ्यायला हवं.

साडेसात

प्रभात रोडवरचा एक जुना बंगला. मे महिना आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत झाडं साफ करून घेण्याची सगळीकडे घाई. नारळाला साधारण महिन्याला एक नवी झावळी फुटते, म्हणजे तेवढ्याच वेगाने खालची एकेक वाळत जाते. अशी पंधरा फुटांची वाळकी झावळी वाऱ्यात खाली आली तर गाडीची काच फोडते, माणसाचं डोकंही.

पायात काथ्याचं वळं अडकवून ते चढू लागतात. कोयता पाठीमागे, कमरेच्या लाकडी आकडीत. ही आकडी कोकणात, ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत अजून पुष्कळांच्या कमरेला दिसते. "कोयतो कमरेक नसलो तर झाडार दोनय हात मोकळे कशे रवतले?" ते चढायच्या आधी म्हणाले होते. कोयता अंगावर बाळगण्याचं कारण इतकं साधं आहे.

वर गेल्यावरचं काम खालून नीट दिसत नाही. ऐकू मात्र येतं. आधी वाळक्या झावळ्या, मग सुकलेल्या पोयी, पिसुंदरीचं जाळं. गेंडा भुंग्याने कोंब पोखरलेला असेल तर भोकात आकडा घालून भुंगा ओढून काढायचा. हिरवी झावळी मात्र बुडाशी कधीच कापायची नाही, ओल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो आणि तो सबंध झाड आतून खाऊन टाकतो. कोयता चालवणाऱ्याचं निम्मं कसब कुठे चालवायचा नाही हे ओळखण्यात आहे. नारळाची पेंड कापून ते दोराने हळूहळू खाली सोडतात. खाली तुळशीवृंदावन आहे.

या बंगल्यातल्या आजी त्यांना अरेतुरे करतात. झाडावरून उतरल्यावर त्यांनी कोयता धार भिंतीकडे करून जमिनीवर ठेवला आणि मगच पाण्याचा तांब्या हातात घेतला. आजी ओसरीवर विळी मांडून फणस चिरायला बसल्या होत्या. तेल लावलेले हात, पाट पायाखाली दाबलेला, उभं पातं छातीसमोर. शेजारी नातू खेळत होता. महाराष्ट्रातलं क्वचितच एखादं जुनं घर असेल, जिथे हे पातं नाही. आपण धारेच्या सान्निध्यात वाढलेली माणसं आहोत. पानवाल्याचा अडकित्ता, न्हाव्याचा वस्तरा, चांभाराची रापी, खाटकाचा सत्तूर, गवत कापणाऱ्या बाईचा विळा, यांतलं काहीच आपल्याला दचकवत नाही.

साडेदहा

कोथरूडची एक मोठी सोसायटी. बोलावणं त्यांचंच, झाडंही त्यांचीच. तरी फाटकावर सव्वा तास गेला.

सुरक्षारक्षकाने फोनमध्ये नोंद केली, फोटो काढला, गोणपाट सोडायला लावलं आणि पातं बघून वरिष्ठांना फोन लावला. वरून निरोप आला, की हत्यार केबिनमध्ये जमा करून माणसाला आत सोडा. आमचे नारळवाले शांतपणे म्हणाले, "मग झावळ्या दाताने तोडू काय?" पुन्हा फोन. शेवटी व्यवस्थापक स्वतः खाली आले, आणि त्यांच्याबरोबर कोयता झाडापर्यंत चालत गेला. वाटेत सुट्टीतली मुलं सायकली फिरवत होती. एका आईने मुलाला खांद्याला धरून मागे ओढलं. तिचा राग मला आला नाही. गेल्या काही वर्षांत तिने पुण्याच्या ज्या बातम्या पाहिल्या असतील, त्या मीही पाहिल्यात. पण नारळवाल्यांनी ते पाहिलं आणि कोयता चटकन दुसऱ्या हातात, मुलापासून लांब घेतला. आई घाबरली आणि त्या घाबरण्याची समजूत घालायचं काम, एक अक्षर न बोलता, त्यांनी केलं.

नंतर सावलीत उभा असताना तो सुरक्षारक्षक माझ्याशी बोलू लागला. बीड जिल्ह्यातला. आई-बाप वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे. दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन निघायचं आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतायचं. त्यांच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात आणि मुकादम किती कोयते आणले हे मोजतो. कोयत्याच्या मुठीवरच तो वाढला. त्याने गोणपाट सोडलं तेव्हा धार नखावर कशी अजमावली, ते मी पाहिलं होतं. तो हात जाणकाराचा होता. "मला काय कळत नाही व्हय कामाचा कोयता?" तो म्हणाला. "पण उद्या काही झालं तर नोकरी माझी जाणार."

दीड

फुटपाथवर झाडाखाली भाकरी आणि सुकटीची चटणी. अर्ध्या तासाची झोप.

तीन

कोयत्याची मूठ जरा हलू लागलीय. शिवाय एक नवी लहान कोयती घ्यायची आहे. मध्यवस्तीतल्या लोखंडी अवजारांच्या दुकानात दुकानदाराने आधी आधार कार्ड मागितलं. ते खिशात तयारच होतं.

ही रीत २०२३च्या सुरुवातीची. कोयते नाचवत रस्त्यावर दहशत माजवणाऱ्या पोरांच्या टोळ्यांमुळे पुणे पोलिसांनी विक्रेत्यांना गिऱ्हाइकाची ओळख पाहून नोंद ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी २७ जूनला सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेल्या तरुणांनी धावून जाऊन तिचा जीव वाचवला. त्यानंतर कोयता या अवजाराकडे बघण्याची शहराची नजर बदलली. भीती खोटी नव्हती. पोलिसांवरचा ताणही खोटा नव्हता.

कायद्याला हा फरक ठाऊक आहे. शस्त्रविषयक नियमांच्या अनुसूचीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. दुसरीकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, सोटे, चाकू आणि इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी घालता येते. एका कागदावर कोयता अवजार आहे आणि दुसऱ्या कागदावर तोच इजा करण्याजोगी वस्तू ठरू शकतो. या दोन कागदांमधला निवाडा रस्त्यावर, दिव्याखाली, दोन मिनिटांत एखादा शिपाई करतो. तो काय पाहून करतो? कपडे, वय, बोलीचा हेल. पाट्याच्या लोखंडावर तर काहीच लिहिलेलं नसतं.

नोंद ठेवायला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्याने आधार दाखवून, नाव लिहून कोयती विकत घेतली, त्या माणसाच्या हातात त्या नोंदीचा काही उपयोग पडावा. दुकानदाराची पावती हा साधा चिठोरा आहे. महानगरपालिकेने किंवा पोलीस चौकीने झाडकामाच्या माणसांना धंद्याचं ओळखपत्र दिलं, तर फाटकावरचा सव्वा तास दहा मिनिटांवर येईल.

पाच

सकाळची शहाळी कर्वे रस्त्यावरच्या एका हातगाडीवर पोचवली. गाडीभोवती ही गर्दी. शहाळेवाला डाव्या तळहातावर शहाळं धरून उजव्या हाताने कोयत्याचे घाव घालतोय, पातं त्याच्याच बोटांपासून दोन इंचांवर. समोर कॉलेजच्या मुली, कडेवर बाळ घेतलेला बाप. कुणी मागे सरकत नाही. एक मुलगा तर मोबाइलवर त्याचं चित्रण करतोय.

दिवसभर जे जाणवत होतं ते मला इथे नीट कळलं. इथे हातगाडी आहे, शहाळ्यांचा ढीग आहे, स्ट्रॉचा डबा आहे. कोयत्याभोवती त्याचा सगळा संसार मांडलेला आहे, म्हणून तो कोयता कुणाला टोचत नाही. हाच शहाळेवाला रात्री गाडी लावून, कोयता पिशवीत घालून घराकडे निघाला की संशयित होतो. कामाच्या जागी आपण धारेला मान देतो. एका कामावरून दुसऱ्या कामाकडे जाणारा माणूस तेवढा आपल्याला खुपतो. आणि ज्यांचं कामच ठिकठिकाणी असतं, नारळवाले, झाडं छाटणारे, फिरते धारवाले, अवजारं विकत गावोगाव जाणारे घिसाडी, त्यांचा निम्मा दिवस वाटेतच असतो.

सात

नदीवरच्या पुलापाशी नाकाबंदी. तरुण शिपायाने गाडी बाजूला घ्यायला लावली. दोर दिसला, तरी गोणपाट सोडायला सांगितलं. आमच्या नारळवाल्यांनी दोन्ही हात हँडलवरून काढून उघडे धरले. कोयत्याला हात लावला नाही. "साहेब, तुम्हीच सोडा," म्हणाले. हाही त्यांचा ठरलेला नियम आहे. पोलिसासमोर मुठीला आपण हात घालायचा नाही.

दोनदा पावती वाचली गेली. तेवढ्यात एक वयस्क हवालदार आले. त्यांनी पावती बघितली नाही, तळहात बघितले. मग बॅटरीचा झोत पायांवर टाकला. वळ्याने घोट्यांपाशी पडलेले काळे घट्टे. "जा काका. किती झाडं झाली आज?" एवढंच त्यांनी विचारलं.

दरवेळी असा हवालदार भेटत नाही. एकदा एका चौकीत त्यांना रात्री अकरापर्यंत बसवून ठेवलं होतं. मारहाण नाही, शिवी नाही, नुसतं बाकावर बसवणं. शेवटी ज्यांच्याकडे काम केलं होतं ते गृहस्थ येऊन सांगून गेले तेव्हा सुटका झाली. ते गृहस्थ आले नसते तर, हा प्रश्न नारळवाल्यांच्या बायकोच्या मनातून अजून गेलेला नाही. ती संध्याकाळी सातनंतर दर अर्ध्या तासाने फोन करते. आताही केला.

साडेआठ

कोयत्याला खोबरेल चोपडून तो माळ्यावर ठेवला गेला. नवी कोयती त्याच्या शेजारी. जेवता जेवता उद्याचं काम लावायला फोन आला. सहकारनगरमधली एक इमारत, चार झाडं. पैशांचं बोलणं आधी झालं नाही. त्यांनी आधी सोसायटीचं नाव लिहून घेतलं, फाटकावर कोण असतो ते विचारलं, आणि म्हणाले, "वॉचमनला आजच सांगून ठेवा ताई. माणूस एक, दोर एक, कोयते दोन. आणि मी येईन तेव्हा तुम्ही स्वतः पाच मिनिटं खाली या."

ताई हो म्हणाल्या. मग दर ठरला.